ओढा एक, मालक चार

सप्टेंबर १९६२. अमेरिकेतल्या वायोमिंग आणि युटा या दोन राज्यांत ग्रीन नदीच्या काठाने सरकारी माणसांची लगबग चालली होती. फ्लेमिंग गॉर्जचं धरण पुरं होत आलं होतं आणि काही आठवड्यांत पाणी अडणार होतं. नव्या जलाशयात रेनबो ट्राउट हे थंड पाण्यातले मासे सोडायचे आणि गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना तिकडे ओढायचं असा बेत होता. अडचण एकच होती. नदीत आधीपासून मासे होते, तेही तिथलेच, हजारो वर्षांचे रहिवासी. सरकारी भाषेत त्यांना ‘कचरा मासे’ म्हणत. मग दोन्ही राज्यांची मत्स्य खाती आणि केंद्र सरकारची फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस एकत्र आली आणि त्यांनी नदी व उपनद्या मिळून सुमारे सातशे किलोमीटर लांबीच्या पात्रात रोटेनोन सोडलं. सह्याद्रीत रामेठा ठेचून डोहात टाकतात नि मासे भोवळून वर येतात, तसलाच हा वनस्पतिजन्य विषाचा प्रकार. फरक मापाचा. एका डोहाच्या जागी अख्खी नदी. खालच्या अंगाला विषाचा असर घालवायला पोटॅशियम परमँगनेट टाकायचं ठरलं होतं. ते पुरलं नाही, आणि विष डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित प्रदेशाच्या हद्दीत उतरलं.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. पर्यावरणावरच्या कुठल्याही चर्चेत शेवटी कुणीतरी उठून म्हणतं, ‘सगळ्या खात्यांनी समन्वयाने काम केलं पाहिजे.’ माना डोलतात आणि चहा येतो. १९६२ साली समन्वय उत्तम होता. तीन सरकारी यंत्रणा, एक उद्दिष्ट, टोलवाटोलवी नाही. नव्हतं ते एवढंच, की त्या टेबलाशी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेलं कुणी बसलेलं नव्हतं. मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीच हरकत घेतली होती. त्यांत मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट रश मिलर होते. हरकत नोंदवली गेली आणि काम पुढे गेलं. नंतर आरडाओरडा झाला, केंद्रीय मंत्री स्टुअर्ट उडॉल यांनी अशा मोहिमांवर बंधनं घातली, आणि पुढे आलेल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यामागे या प्रकरणाचाही काही वाटा होता. हे मिलर पुढे पुन्हा भेटतील.

माझं म्हणणं एवढंच आहे, की खात्यांच्या सहकार्याने मासे वाचतात हे अर्धसत्य आहे. त्या खात्यांत निदान एकाच्या हातात नकार असेल आणि तो नकार बाकीच्यांना मोडता येत नसेल, तिथे ते वाचतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या स्थानिक ट्राउटचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास मी तरी असाच वाचतो.

तिथल्या एखाद्या डोंगरी ओढ्याचे मालक मोजायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. मासा राज्याचा. काठावरचं जंगल बहुधा केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसचं. मासा संकटग्रस्तांच्या यादीत गेला की त्याची जबाबदारी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची. ओढा राष्ट्रीय उद्यानात शिरला की नॅशनल पार्क सर्व्हिसची हद्द. आदिवासींच्या राखीव प्रदेशातून वाहत असेल तर सत्ता त्या जमातीची. आणि पाण्यावर हक्क त्याचा, ज्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पहिला पाट काढून शेताला नेलं. सहा इंची माशाला यातलं काही ठाऊक नसतं. तो विणीला वर जातो आणि थंडीला खाली उतरतो, वाटेत तीन खात्यांच्या हद्दी ओलांडतो.

शिवाय या खात्यांच्या पोटात भांडण आहे. अमेरिकेत १९५० साली एक कायदा झाला. गळाच्या काठ्या, रिळं वगैरे सामानावर केंद्राने कर घ्यायचा आणि तो पैसा मासे वाढवण्यासाठी राज्यांना वाटायचा. वाटणीचं सूत्र असं : चाळीस टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर, साठ टक्के गळाच्या परवानाधारकांच्या संख्येवर. कल्पना हुशारीची आहे आणि तिने पुष्कळ चांगली कामं उभी केली. पण राज्याच्या मत्स्य खात्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. परवाने जास्त विकले तर पैसा जास्त. परवाने विकायचे तर मासा गळाला लागला पाहिजे. आणि हमखास गळाला लागणारा, हौदात पटकन वाढणारा, टँकरमधून कुठेही नेता येणारा मासा म्हणजे रेनबो ट्राउट. तो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा. तो ट्रकने जिथे-जिथे गेला तिथल्या जवळच्या नात्यातल्या स्थानिक ट्राउटशी त्याचा संकर झाला. युरोपातून आलेला ब्राउन ट्राउट स्थानिक पिल्लं खातो. पूर्व अमेरिकेतला ब्रुक ट्राउट अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो. गंमत म्हणजे हाच ब्रुक ट्राउट आपल्या पूर्वेकडच्या माहेरी संकटात आहे आणि त्याला वाचवायला मेनपासून जॉर्जियापर्यंतची सतरा राज्यं २००४ पासून एकत्र काम करताहेत. एकाच माशासाठी देशाच्या एका टोकाला बचाव मोहीम, दुसऱ्या टोकाला हकालपट्टी.

आता अ‍ॅरिझोना. नाव घेतलं की वाळवंट आणि निवडुंग डोळ्यांपुढे येतात. पण राज्याच्या पूर्वेला व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत, बर्फ पडणारे, सूचिपर्णी झाडांचे. त्यांत साडेअकरा हजार फुटांच्या आसपासचा माउंट बाल्डी अपाची लोकांना पवित्र आहे. याच डोंगरांतल्या ओढ्यांत, आणि जगात दुसरीकडे मूळचा कुठेच नाही असा, अपाची ट्राउट राहतो. पिवळसर सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके, आणि डोळ्यात बाहुलीच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. त्यामुळे त्याने मुखवटा बांधलाय असं वाटतं. विसाव्या शतकाच्या मध्याला लाकूडतोड, गुरांची चराई आणि ट्रकमधून आलेले परके ट्राउट यांनी त्याला वरच्या मोजक्या ओढ्यांत कोंडून टाकलं होतं.

तेव्हा, १९५०च्या दशकात, व्हाइट माउंटन अपाची जमातीने आपल्या राखीव प्रदेशातले ते ओढे मासेमारीला बंद केले. तारखा नीट बघायला हव्यात. संकटग्रस्त प्राण्यांच्या केंद्रीय यादीत हा मासा आला १९६७ साली. शास्त्राने त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं १९७२ साली, आणि ते दिलं त्याच रॉबर्ट मिलर यांनी. म्हणजे शास्त्राकडे नाव नव्हतं, सरकारकडे कायदा नव्हता, कुठली समन्वय समितीही नव्हती, तेव्हा ज्यांच्या दारातून ओढा वाहत होता त्यांनी तो बंद केला. त्यांच्याकडे बंद करण्याचा अधिकार होता, आणि माझ्या मते पुढची सगळी गोष्ट त्या एका अधिकारावर उभी आहे.

पुढचं काम कष्टाचं आणि कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते सांगायला हवं. ओढ्यात आडवा छोटा बंधारा घालायचा, असा की खालचे परके मासे उडी मारून वर येऊ शकणार नाहीत. मग बंधाऱ्याच्या वरच्या भागातले परके मासे काढायचे, विजेच्या झटक्याने बधिर करून किंवा रोटेनोनसारख्या विषाने. हो, तेच विष आणि बरीचशी तीच खाती. मग शुद्ध वंशाचे मासे आणून सोडायचे. सुरुवातीचे काही बंधारे जाळीत दगड भरून केलेले, आपल्याकडे इंजिनिअर ज्याला गॅबियन म्हणतात तसले. ते झिरपले, खचले, आणि परके मासे परत वर आले. पुन्हा काँक्रीटचे बांधावे लागले, पुन्हा ओढा रिकामा करावा लागला. २०११ साली वॉलो नावाच्या वणव्यात या भागातलं पाच लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. अशा आगीनंतरच्या पावसात राख ओढ्यात उतरते आणि मासे गुदमरतात. त्यानंतर पुन्हा मोजणी. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये अपाची ट्राउट संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. अमेरिकेत हौसेने गळाला धरल्या जाणाऱ्या माशांपैकी असं बाहेर येणारा हा पहिलाच. तेव्हा त्याच्या शुद्ध वंशाच्या, आपल्या बळावर टिकलेल्या तीस वस्त्या होत्या.

या यशाच्या बातम्यांत ‘जमात, राज्य, केंद्र आणि स्वयंसेवी संस्था यांचं आदर्श सहकार्य’ असं एक वाक्य असतंच. ते खोटं नाही. पण मधलं एक प्रकरण गाळलेलं असतं. १९९०च्या सुमाराला जमात आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस यांच्यात चांगलंच बिनसलं होतं. आमच्या भूमीवर तुमचा कायदा कसा चालवायचा हे तुम्ही वॉशिंग्टनमधून ठरवणार नाही, अशी जमातीची भूमिका होती. अखेर १९९४च्या डिसेंबरात जमातीचे प्रमुख रॉनी लूप आणि सर्व्हिसच्या संचालक मॉली बिटी यांनी एका कागदावर सह्या केल्या. आपल्या भूमीवरचं व्यवस्थापन जमातीने करायचं आणि सर्व्हिसने मागितलं तर शास्त्रीय मदत पुरवायची, असा त्याचा आशय. १९९७ साली केंद्राने सगळ्या जमातींसाठी जो आदेश काढला त्यात याच विचाराचं प्रतिबिंब आहे. हातमिळवणी झाली खरी. पण त्याआधी जमातीने हात मागे घेतला होता, आणि तो मागे घेता येतो हे केंद्राला मान्य करावं लागलं.

राज्यानेही काही सोडलं. काही ओढ्या-तळ्यांत रेनबोऐवजी हौदात वाढवलेले अपाची ट्राउटच गळासाठी सोडायला सुरुवात झाली. १९७५ साली माशाचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘धोक्यात’ असा सौम्य केला, तेव्हा ठरावीक पाण्यात तो गळाला धरायला परवानगी मिळाली होती. शुद्धतावाद्यांना हे खटकतं. मला ती शहाणी तडजोड वाटते. परवान्यावर पोट असलेल्या खात्याला रेनबो सोडून द्यायला सांगायचं तर त्याच्या हातात दुसरा मासा द्यावा लागतो.

याच्या उलट बाजूची गोष्ट कोलोरॅडोतली, आणि ती मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. तिथला ग्रीनबॅक कटथ्रोट हा स्थानिक ट्राउट १९३७ साली नामशेष समजला गेला. मग १९५०च्या दशकापासून काही ओढ्यांत तो ‘पुन्हा सापडला’. बचावासाठी केंद्राची, उद्यानाची, राज्याची, जंगलाची अशी खाती अनेक वर्षं मन लावून एकत्र राबली. १९९४ साली तो राज्याचा अधिकृत मासा झाला. आणि २०१२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातल्या, संग्रहालयांतल्या बरण्यांमधल्या माशांचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की खाती दुसऱ्याच माशाला वाचवत होती. खरा ग्रीनबॅक उरला होता फक्त एका ओढ्यात, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकच्या जेमतेम सहा-सात किलोमीटरांत. तोही आपल्या मूळ खोऱ्याच्या बाहेर. एकोणिसाव्या शतकात कुणा खासगी माणसाने आपल्या धंद्यासाठी तिथे आणून सोडलेला.

चूक कुणा एकाची नव्हती. त्या राज्यात पूर्वी कोट्यवधी पिल्लं, कुठली कुठे, ट्रकने आणि रेल्वेने सोडली गेली होती. त्या गोंधळातून वंश ओळखणं डोळ्यांच्या आवाक्यात नव्हतं. पण सगळी खाती एकाच गृहीतावर एकत्र आली की ते गृहीत तपासायला बाहेर कुणी उरत नाही. इथे ‘थांबा’ म्हणणारं बरण्यांमधून आलं. खात्यांनी ते मान्य केलं याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बेअर क्रीकच्या माशांपासून वाढवलेली पिल्लं दुसऱ्या ओढ्यांत सोडली गेली, आणि २०२२ मध्ये राज्याने जाहीर केलं की हर्मन गल्चमध्ये ती आपली आपण वीण करू लागली आहेत.

नेवाडातल्या पिरॅमिड लेकची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती मुळात कोर्टाची कथा आहे. तिथला लाहोंटन कटथ्रोट अवाढव्य. १९२५ साली धरलेला एक जवळजवळ साडेअठरा किलोचा होता. पण १९०५ साली तळ्याला पाणी आणणाऱ्या ट्रकी नदीवर डर्बी धरण झालं, पाणी शेतीकडे वळलं, तळं आटत गेलं, मासा विणीला वर जाऊ शकेना, आणि १९४०च्या दशकात तो त्या तळ्यातून संपला. धरण बांधणारं खातं आणि पुढे माशाला वाचवायला निघालेलं खातं दोन्ही एकाच, जमीन-पाणी-वन्यजीव सांभाळणाऱ्या इंटिरिअर मंत्रालयाच्या छताखालची. समन्वयासाठी याहून जवळ ती कशी येणार होती? ती हलली, तळं ज्यांच्या राखीव प्रदेशात आहे ती पायूट जमात कोर्टात गेली तेव्हा. १९८०च्या दशकातल्या निकालांनी ट्रकीच्या खोऱ्यातल्या स्टँपीड जलाशयाचं पाणी आधी माशांसाठी, असं ठरलं. नदीच्या पाण्याचा अनेक पक्षांनी मिळून केलेला करार अमलात आला २०१५ मध्ये. दरम्यान त्या माशाचा जुना वंश युटाच्या सीमेवरच्या पायलट पीक डोंगरातल्या एका ओढ्यात सापडला होता, त्याची पिल्लं तळ्यात परतली होती, आणि २०१४ साली कित्येक दशकांनी तो ट्रकी नदीत पुन्हा विणीला चढला.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. एवढी भानगड कशाला, एकच प्राधिकरण नेमा आणि त्याला सगळे अधिकार द्या. आपल्याकडे हा उपाय विशेष लोकप्रिय आहे. यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण त्याच्या बाजूने दिसतं. तिथल्या मोठ्या तळ्यात १९९४ साली लेक ट्राउट हा परका शिकारी मासा सापडला. क्लिअर क्रीकला विणीसाठी चढणारे स्थानिक कटथ्रोट १९८०च्या दशकाच्या अखेरीला पन्नास हजारांच्या वर मोजले जात. २००७ साली ते जेमतेम पाचशेवर आले. अस्वलांपासून मासेखाऊ पक्ष्यांपर्यंत सगळ्यांच्या ताटातला घास गेला. उद्यान एकाच खात्याचं असल्यामुळे जाळी टाकून लाखो लेक ट्राउट काढण्याचा निर्णय झटपट झाला, आणि स्थानिक मासा सावरतोय. मान्य. एकहाती सत्तेचा वेग खरा आहे. पण यलोस्टोन अपवादाने मिळालेली जागा आहे : एक तळं, एक मालक, वस्ती नाही. शिवाय याच देशातल्या राष्ट्रीय उद्यानांत परके ट्राउट कित्येक दशकं खुद्द सरकारनेच सोडले होते. एकहाती सत्ता चुकते तेव्हाही झटपट चुकते.

हे सगळं वाचताना मला लोणावळा आठवत राहतं. तिथे वळवणला टाटांच्या वीज कंपनीचं महसीरचं मत्स्यबीज केंद्र १९७०च्या दशकापासून आहे. धरणांनी नद्या अडवल्या, मासे घटले, तर त्यांची बोटुकली वाढवून परत सोडावी, हा हेतू चांगलाच. तिथल्या निळसर परांच्या महसीरला, साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात पुण्याच्या नद्यांतून जो ‘खुद्री’ म्हणून शास्त्राला कळवला त्याला, याचा फायदा झाला. पण ही बोटुकली सह्याद्री ओलांडून इतर राज्यांतही गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. गळाच्या कॅम्पांमधल्या नोंदी सांगतात की आपला खुद्री वाढत गेला आणि कुबडाचा दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली कुठे पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. देणारं राज्य खूश, घेणारं राज्य खूश. हरकत घ्यायला कुबड्याच्या बाजूने कुणी नव्हतं.

आपल्या धरणांचंही असंच. पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थेला, काठ बऱ्याचदा वन विभागाचा, वरून येणारं सांडपाणी आणखी कुणाच्या खात्यात. आणि सोडायचं काय, तर कटला, रोहू, मृगळ. तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. मी मच्छीमार संस्थांना दोष देत नाही, उजनीच्या कटल्यावर घरं चालतात. पण कामाचं माप ‘किती बोटुकली सोडली’ हे असेल, तर डेक्कनच्या नदीतला डेक्कनचा मासा कुठल्याच तक्त्यात येणार नाही.

आणि तरीही आपल्याकडे नकार देणारे आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात, त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. कुठल्या शासन निर्णयाने हे ठरलेलं नाही. अपाचींनी बाल्डीच्या ओढ्यांचं जे केलं त्याच्याशी याचं नातं आहे, फक्त एक मोठा फरक आहे. अपाचींचा नकार केंद्र सरकारने लेखी मान्य केला. वाळण कोंडच्या गावकऱ्यांचा नकार डोहाच्या काठापर्यंत चालतो. वरच्या अंगाला उद्या बंधारा आला, किंवा कुणी सद्भावनेने टँकरभर परकी बोटुकली ओतली, तर त्यांना विचारायला कुणीही बांधील नाही. नदीवरच्या कुठल्याही समन्वय समितीची फाईल पाहताना मी म्हणूनच आधी एवढंच शोधतो, की काठावरच्या माणसांची सही तिथे ‘उपस्थित’च्या रकान्यात आहे की ‘मंजुरी’च्या.

अ‍ॅरिझोनातही गोष्ट संपलेली नाही. यादीतून बाहेर काढलेल्या प्रजातीवर कायद्याने निदान पाच वर्षं लक्ष ठेवावं लागतं. २०२१ साली सगळ्यांनी मिळून केलेली व्यवस्थापन योजना आहे. पण बंधारे दर पुरानंतर तपासावे लागतात, आणि योजनेच्या कागदाला फावडं धरता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या हजारो नव्या कर्मचाऱ्यांना एकदम कामावरून काढलं. पुढे कोर्टकज्जे झाले, काही परत आले. असल्या एखाद्या मोसमात एखादा बंधारा खचला आणि दोन-चार ब्रुक ट्राउट वर चढले, तर ते कुणाला आधी दिसतील? माझा अंदाज आहे, ओढ्याकाठी राहणाऱ्यांनाच. सत्तर वर्षांपूर्वी ओढा बंद केला तोही त्यांनीच.